पिंपातले दगड

गेल्या वर्षी एप्रिलपासून गणपतीपर्यंत आमच्या डोंबिवलीच्या घराच्या बाल्कनीत एक निळं पिंप उभं होतं. शंभर लिटरचं, झाकणाचं. झाकणाला पाडलेल्या भोकातून एक वायर आत गेलेली आणि आतून दिवसरात्र येणारी बारीक घरघर. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, "पाणी कमी येतं का हो तुमच्याकडे?" सासूबाई सांगायच्या, "पाणी भरपूर येतं. त्यात दगड आहेत." मग समोरच्याला पुढे काय विचारावं ते सुचायचं नाही.

अठरा किलो दगड होते. चुनखडीचे, भोकाभोकांचे, हातात घेतले की दिसतात त्यापेक्षा हलके लागणारे. समुद्री माशांच्या टाकीसाठी ते मी तयार करत होते. दगड धुवायला पाच महिने लागतात, हे मला कुणी चार वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर माझाही विश्वास बसला नसता. बसायला हवा होता. कारण तेव्हा हेच दगड मी एका शनिवारी दुपारी नळाखाली धुतले होते आणि संध्याकाळी टाकीत रचले होते.

ती गोष्ट आधी सांगते. टाकी बंद करणाऱ्या एकांकडून मी ते दगड घेतले. गोणीत भरून वर्षभर गॅलरीत पडलेले, खडखडीत वाळलेले, पांढरट करडे. वाळलेला दगड म्हणजे स्वच्छ दगड, एवढंच माझं गणित. तीन बाय दीड बाय दीड फुटांची टाकी, म्हणजे साधारण १९० लिटर पाणी. मीठ कालवलं, दगड रचले, तयार जिवाणूंची बाटली ओतली आणि आठवड्याने क्लाउनफिशची जोडी आणून सोडली. पाचव्या दिवशी दोघं पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. अमोनियाच्या चाचणीच्या नळीतलं पाणी गडद हिरवं झालं, म्हणजे अमोनिया फार वाढला होता. त्या रात्री मी बादल्या बादल्या पाणी बदलत राहिले. एक वाजता मीठ संपलं. सकाळी मादी गेली, संध्याकाळी नर.

झालं होतं ते अगदी साधं होतं. त्या दगडांच्या भोकाभोकांत जुन्या टाकीतले स्पंज, किडे, शेवाळं, माशांची विष्ठा असं सगळं वाळून बसलेलं होतं. सुकटीसारखं. सुकट महिनोन् महिने टिकते, पण पाण्यात भिजवून ठेवली तर दोन दिवसांत तिचं काय होतं ते मासे खाणाऱ्या घरात सांगावं लागत नाही. माझ्या टाकीत तेच झालं, आणि त्या कुजण्यातून सुटलेल्या अमोनियाने मासे गेले. अमोनिया महिन्याभरात निवळला, पण नंतर दगडांवर हिरव्या केसांसारखं शेवाळ वाढायला लागलं. उपटलं की आठवड्यात पुन्हा तेवढंच. आठ महिने मी ते उपटत होते. मग टाकी उतरवली. दगड पुन्हा गोणीत गेले.

ते फेकून द्यावेत असं घरात सगळ्यांचंच मत होतं. मला ते जमलं नाही. चूक दगडांची नव्हती. आणि ते दगड काय आहेत हे तोपर्यंत मला कळलं होतं.

आधीच्या मालकांनी सांगितलं होतं की ते फ्लोरिडातल्या जमिनीवरच्या खाणीतले आहेत. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला असलेला की लार्गो चुनखडीचा थर म्हणजे सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीची प्रवाळभिंत. तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा उंच होती. पाणी मागे हटलं आणि भिंत उघड्यावर राहिली. माझ्या गोणीतले दगड नेमके त्याच थरातले होते की शेजारच्या, ते सांगायला माझ्याकडे कागद नाही. पण एका तुकड्यावर भिंग धरलं की प्रवाळाच्या कपांची नक्षी दिसते, प्रत्येक कपात आऱ्या. एकेका कपात एकेक जीव राहत होता.

या छंदात दगडाला इतकं महत्त्व कसं आलं, त्याचा एक इतिहास आहे. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातून जिवंत दगड आणायचे, म्हणजे ज्यांच्यावर आणि ज्यांच्या आत जिवाणू, किडे, शेवाळं, स्पंज सगळं नांदतं आहे असे, आणि थोडी हवा सोडून बाकी सगळं त्या दगडांवर सोपवायचं. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याला स्किमरची, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणाऱ्या यंत्राची, जोड दिली आणि 'लाइव्ह रॉक' हा घरच्या समुद्राचा पाया झाला. मग मागणी वाढली आणि प्रवाळभिंतींवरून टनांनी दगड उचलले जायला लागले. फ्लोरिडाने आपल्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात १९८९ साली ते बंद केलं, त्यापलीकडच्या, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या हद्दीतली तोड १९९७ पर्यंत थांबली. वाळलेला दगड हा पर्याय तिथून मोठा झाला. जिवंत भिंतीला हात न लावता, जमिनीवरची मेलेली भिंत खणून आणायची. मला तो पर्याय मनापासून पटतो. फक्त एक लक्षात ठेवावं लागतं: जिवंत दगडात समुद्राने करून ठेवलेलं काम वाळलेल्या दगडात आपल्याला करायचं असतं, आणि त्याला समुद्राइतका नसला तरी बराच वेळ लागतो.

देवगडला माझ्या मामाची हापूसची बाग आहे. त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर त्याचं म्हणणं, एवढ्या लांबचे दगड कशाला, इथे दर्यात काय दगडांना तोटा आहे? प्रश्न बरोबर होता, म्हणून मी त्याला नीट उत्तर दिलं. आपल्या किनाऱ्याचा काळा कातळ बेसाल्टचा. घट्ट. जिवाणूंना राहायला आत जागाच नाही. जांभ्याला भोकं पुष्कळ, पण तो लोह आणि अ‍ॅल्युमिनियमने भरलेला, खाऱ्या पाण्यात ठेवायला माझा जीव धजत नाही. आणि मालवणच्या बाजूला वाळूत कधी वाहून आलेला प्रवाळाचा तुकडा सापडलाच, तरी तो उचलायचा नाही. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, वाघाच्या रांगेत, आणि मेलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. मामाला हे नवीन होतं. त्याच्या बागेच्या वरच्या सड्यावरून विजयदुर्गाच्या बाजूचा समुद्र दिसतो, आणि त्याच दिशेला शंभरेक किलोमीटर आत पाण्याखाली आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचं नाव लागलेलं, प्रवाळांनी भरलेलं बुडालेलं पठार. मासेमारी करणाऱ्यांकडून त्याने ते नाव ऐकलं होतं. तिथे प्रवाळ आहेत हे त्याला माहीत नव्हतं. "म्हणजे आमच्या दारातच आसा की," असं म्हणून तो थोडा वेळ गप्प झाला.

कामाची सुरुवात घासण्याने झाली. तारेचा ब्रश वापरला नाही, त्याचे गंजके तुकडे भोकांत अडकतात. कडक नायलॉनचा ब्रश, जुने टूथब्रश आणि लोकरीचा जाड दाभण. एकेका दगडाला अर्धा तास. भोकांतून काय काय निघालं: नळीत राहणाऱ्या किड्यांची पांढरी घरटी, वाळून चामड्यासारखे झालेले स्पंज, एका लहान खेकड्याची अख्खी कात.

"उकळून का घेत नाहीस?" शेजारच्या काकूंनी विचारलं. आपल्याकडे बाटली असो की भांडं, उकळलं की शुद्ध. इथे मात्र ते चुकूनही करायचं नाही. काही बटण-प्रवाळांच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. ठाऊक असलेल्या अतिशय जहाल विषांपैकी एक. हवाई बेटांवरच्या एका प्रवाळापासून ते १९७१ साली प्रथम वेगळं केलं गेलं. दगड उकळला तर वाफेबरोबर ते घरभर पसरू शकतं, आणि असे दगड उकळून अख्खी कुटुंबं रुग्णालयात पोचल्याच्या घटना परदेशांत घडल्या आहेत. आपल्या दगडावर पूर्वी काय वाढत होतं ते आपल्याला ठाऊक नसतं. हातमोजे, चष्मा, आणि घासताना दगड ओला. कोरडा घासून धूळ उडवायची नाही.

मग ब्लीच. इथे एका शब्दाने मला मोठ्या अडचणीत टाकलं असतं. करोनाच्या दिवसांत सगळ्या सोसायट्यांमध्ये जे फवारत होते त्या सोडियम हायपोक्लोराइटला लोक 'हायपो' म्हणायला लागले. माशांच्या दुकानात 'हायपो' मागितलं तर मिळतात ते सोडियम थायोसल्फेटचे खडे, जे क्लोरीन मारायला वापरतात. जुने फोटोग्राफर डार्करूममध्ये ज्याला हायपो म्हणायचे तेच. एक हायपो जिवाणूंना मारतो, दुसरा त्या मारणाऱ्याला शांत करतो, आणि दोन्ही एकाच पिशवीतून घरी आले. मी दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरात पूर्ण नावं लिहिली आणि घरात सगळ्यांना वाचून दाखवली.

पिंपात दहा भाग पाणी, एक भाग ब्लीच, त्यात दगड, आणि पाणी फिरवणारा छोटा पंप. दोन दिवसांत पाणी चहासारखं झालं. ओतून पुन्हा नवीन भरलं. ब्लीच सेंद्रिय ते सगळं जाळतं, म्हणून आत वाळून बसलेली ती सुकट यातच संपते. दोन आठवड्यांनी पाणी नितळ राहायला लागलं तेव्हा दगड काढले, नळाच्या पाण्याने चार वेळा धुतले, मग थायोसल्फेटच्या पाण्यात दोन दिवस ठेवले.

नंतर ऊन. एप्रिलचा तिसरा आठवडा, गच्चीवर सासूबाईंच्या कुरडया पसरलेल्या. मी दगड घेऊन वर गेले तर त्यांनी आधी वास घेतला. अगदी दगड नाकाशी नेऊन. "क्लोरीनचा वास आहे अजून. लांब ठेव. वाऱ्याच्या खालच्या अंगाला." वारा कुठून येतो ते त्यांनी पदर धरून पाहिलं. कोपऱ्यात वेगळी ताडपत्री टाकली. पुढचे सहा दिवस त्या कुरडया उलटायला जायच्या तेव्हा दगडही उलटून यायच्या. मी सांगितलं नव्हतं. वाळवणाचं काही म्हटलं की खालची बाजू ओली राहते हे त्यांच्या हातांना माहीत होतं. सातव्या दिवशी त्यांनी पुन्हा एक दगड हुंगला आणि म्हणाल्या, "आता वळचणीच्या मातीसारखा येतोय. झाला."

अ‍ॅसिडचा दिवस मात्र मी एकटीने केला आणि गच्चीला आतून कडी घातली. हार्डवेअरच्या दुकानात फरशी धुवायला मिळतं ते साधं हायड्रोक्लोरिक. संडास साफ करायचं निळं द्रव चालत नाही, त्यात रंग आणि साबण असतात. पाणी आधी, अ‍ॅसिड नंतर, एकास दहा. आणि ब्लीचचा लवलेश शिल्लक असेल तर अ‍ॅसिड उघडायचंसुद्धा नाही, कारण दोन्ही भेटले की क्लोरीन वायू होतो. सासूबाईंनी सहा दिवस घेतलेला वास मला तेव्हा फार मोलाचा वाटला.

दगड घमेल्यात सोडला की उसळला. चुनखडीवर अ‍ॅसिड पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, शाळेतला प्रयोग. पण तो फेस पांढरा नव्हता, चॉकलेटी होता. दगडाची वरची पातळ साल विरघळत होती आणि तिच्याबरोबर वर्षानुवर्षांचं किटण. दहा मिनिटांनी फेस थांबला. काढून खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवला, मग भरपूर धुतला. घमेल्याच्या तळाशी बारीक रेती उरली होती. आणि दगड! प्रवाळाच्या कपांची नक्षी, जी भिंगातून शोधावी लागत होती, ती नुसत्या डोळ्यांनी दिसायला लागली. मी तो दगड हातात घेऊन पायरीवर बसून राहिले.

इथवर महिना झाला होता, आणि खरं काम अजून सुरूच व्हायचं होतं.

ब्लीचने मांस जातं, अ‍ॅसिडने साल जाते. फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, आत राहतं. चुनखडी फॉस्फेटला धरून ठेवते. पाण्यात जास्त असलं की शोषते, पाण्यात कमी झालं की सोडते. पहिल्या टाकीत मी आठ महिने शेवाळ उपटत होते ते त्यामुळे. पाणी बदललं की पाणी स्वच्छ, दगड पुन्हा सोडायला मोकळा. म्हणून दगडांना मिठाच्या पाण्यात, अंधारात ठेवायचं. अंधार अशासाठी की शेवाळाला संधी मिळू नये. पाणी फिरतं ठेवायचं आणि दर आठवड्याला मोजायचं.

पाणी आरओचं, पण स्वयंपाकघरातल्या यंत्राचं चालत नाही. चवीसाठी त्यात थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतात. म्हणून उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनची वेगळी नळी लावली, क्षार मोजणाऱ्या मीटरवर शून्य आल्याशिवाय मीठ कालवायचं नाही. क्षारता हजारी ३५. मोजायला हॅनाचं एक छोटं यंत्र होतं, जे फॉस्फरस अब्जांशात दाखवतं. त्या आकड्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागलं की फॉस्फेटचे दशलक्षांश मिळतात. पहिल्या आठवड्याला यंत्रावर २०० लुकलुकत राहिलं. म्हणजे त्याची मोजायची हद्द संपली. एक भाग पाण्यात चार भाग शून्याचं पाणी मिसळून पुन्हा मोजलं: ७१. गुणिले पाच, गुणिले ३.०६६. जवळजवळ १.०९. टाकीत हवं असतं ०.१ च्या आत.

सगळं पाणी ओतलं, नवीन भरलं. आठवड्याने ०.८२. पुन्हा ओतलं. ०.७०. मिठाचे पैसे आणि पाण्याच्या बादल्या यांचा हिशेब मनात चालूच होता. त्याच दिवसांत मामाचा फोन आला, आणि मी वैतागून त्याला सांगितलं की दगड धरून बसलाय, सोडतच नाही.

"अगो, आमची तांबडी माती तशीच," मामा म्हणाला. "सुपरफॉस्फेट घातलंस तर मातीच धरून ठेवता. झाडाक मिळणा नाय."

मी फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले. टाकीतलं फॉस्फेट काढायला आम्ही लोक जे लालसर दाणे विकत घेतो ते लोहाच्या ऑक्साइडचे असतात. कोकणच्या तांबड्या मातीला रंग लोहाच्या ऑक्साइडचाच. मामाचं खत ज्या गुणाने अडकतं, त्याच गुणाचे पैसे मी मोजत होते. त्याच्या झाडांना जे मिळत नाही म्हणून तो वर्षानुवर्षं खत शेणात मुरवून मुळांजवळ घालतो, ते माझ्या पिंपात जास्तीचं होतं. मी त्याला परत फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, मग ते पिंपातलं पाणी इकडे पाठव. मीठ आहे रे त्यात, म्हटलं. तर म्हणाला, मग माडांना घालू.

जूनमध्ये मी लँथनमचे थेंब घालायला सुरुवात केली. लँथनम क्लोराइड फॉस्फेटला पकडून न विरघळणारा साका करतं. पाणी दुधाळ होतं आणि तो साका बारीक विणीच्या कापडी पिशवीत गाळून घ्यायचा. माशांच्या टाकीत हे करताना मी घाबरले असते, तो गाळ कल्ल्यांना बाधू शकतो. पिंपात कुणीच नव्हतं. हीच तर पिंपाची सोय. तिथे केलेल्या चुकीने कुणाचा जीव जात नाही. थोडे थेंब, दोन दिवस थांबणं, मोजणं. जूनअखेर ०.४१. मग पावसात दोनदा रात्रभर वीज गेली, पंप बंद, पाण्याला किंचित वास आला. पुन्हा सगळं बदललं. जुलैअखेर ०.१९. आणि ऑगस्टच्या शेवटी, तीन आठवडे थेंब न घालता, यंत्रावर २०. म्हणजे ०.०६. दुसऱ्या दिवशी परत मोजलं. २१. त्याच्या पुढच्या आठवड्यात २०. दगड आता काही लपवून ठेवत नव्हता.

गणपतीचं विसर्जन झालं त्या रविवारी पिंप रिकामं केलं. दगड सिमेंटवर न रचता सुपरग्लूच्या जेलने आणि इपॉक्सीने जोडले, दोन ठिकाणी भोक पाडून अ‍ॅक्रिलिकच्या कांड्या घातल्या. पाया थेट काचेवर, रेती नंतर. रेती आधी घातली तर खाली बिळं खणणारे मासे आणि कोळंब्या पायाच पोखरतात. मी दगडांची भिंत केली नाही, दोन कमानी केल्या. पाणी मागून वाहायला हवं.

मग आणखी एक वाट पाहणं. स्वच्छ केलेल्या दगडात फॉस्फेट नव्हतं आणि जिवाणूही नव्हते. त्यांना खायला आधी अमोनिया द्यावा लागतो, आणि तो मी अमोनियम क्लोराइडने दिला, म्हणजे नवसागर. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकायचा आणि पांढरा धूर निघायचा, तोच. कल्हईचा नाही, प्रयोगशाळेतला शुद्ध घेतला. २ दशलक्षांश अमोनिया, आणि मित्राच्या दहा वर्षं चाललेल्या टाकीतला मुठीएवढा दगड, विरजणासारखा. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि दगडाच्या आत खोलवर, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे तिसरे बसतात आणि नायट्रेटचा नायट्रोजन करून हवेत सोडतात. घट्ट कातळ चालत नाही तो या तिसऱ्यांसाठी. पाचव्या आठवड्यात संध्याकाळी घातलेला अमोनिया दुसऱ्या संध्याकाळी शून्य झाला.

दिवाळीच्या आधी टाकीत पहिला जीव आला, एक ट्रोकस गोगलगाय, सुपारीएवढी. मासे अजून नाहीत. दिवसभर ती कमानीच्या पायथ्याशी हललीसुद्धा नाही. मी दर तासाला जाऊन बघत होते. रात्री साडेअकराला सासूबाईंनी मला हाक मारली. त्या लाल कागद लावलेली विजेरी घेऊन टाकीसमोर स्टुलावर बसल्या होत्या. गोगलगाय कमानीच्या वर चढली होती, आणि तिच्या मागे दगडावरच्या तपकिरी थरात एक नागमोडी, स्वच्छ पट्टी उमटली होती.

"जेवतेय," त्या हळूच म्हणाल्या, आणि विजेरी जराशी बाजूला केली.